आप्पांच्या अंगावर काय होतं

आप्पा घरात नाहीत हे सोमवारी संध्याकाळी साडेपाचला कळलं आणि सव्वासहाला माझी यादी तयार होती.

आप्पा म्हणजे माझे सासरे. वय ऐंशी. सासूबाई गेल्यावर चाकूरजवळच्या गावाहून आम्ही त्यांना लातूरला आणलं, त्याला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. सकाळी कोण येऊन गेलं हे ते दुपारी विसरायचे, पण रोजचा क्रम विसरायचे नाहीत. चारचा चहा घेऊन बाहेरच्या ओट्यावर बसायचे, तसे त्या दिवशीही बसले. मी शाळेतून आले तेव्हा ओट्यावर रिकामी कपबशी होती, आप्पा नव्हते.

मी एका शाळेच्या कार्यालयात हेडक्लार्क आहे. परीक्षेची बैठकव्यवस्था, स्कूलबसचे मार्ग, कोणत्या वर्गाचा पंखा बंद आहे, सगळं माझ्या वहीत असतं. घरातही तसंच. फ्रिजवर किराण्याची यादी, कपाटाच्या दाराला आतून औषधांची यादी. त्यामुळे माणूस हरवल्यावर मला जे येतं तेच मी केलं. वही उघडली आणि आकडे घातले. गल्लीतली घरं पाहिली. महादेवाचं देऊळ पाहिलं. बागेतली बाकं, दवाखाना, सलूनवाला, भाजीवाली. कोण गेलं, किती वाजता, कोण काय म्हणालं. नवव्या मुद्द्यावर मी लिहिलं होतं, 'खिशात पैसे नाहीत, त्यामुळे लांब गेले नसणार.' आणि त्याखाली रेघ ओढली होती.

माझ्या नवऱ्याचं खताचं दुकान आहे. दुकान तसंच नोकरावर सोडून ते आले. पोलिसांत जायचं म्हटल्यावर मात्र अडले.

"चोवीस तास झाल्याबिगर घेत नसतेत ते. आणि गावभर होईल, एका म्हाताऱ्याला सांभाळता येईना म्हणून."

"गावभर झालं तर बरंच," मी म्हणाले. "गावानं शोधायलाच पाहिजे."

सातला आम्ही आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात होतो. टेबलामागे एक जमादार बसले होते. आमच्याकडे हवालदाराला जमादारच म्हणतात. पन्नाशी उलटलेली, चष्मा कपाळावर, समोर अर्धवट सोललेलं संत्रं. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "चोवीस तास झाले नाहीत, पण..."

"कोण म्हणालं चोवीस तास?" त्यांनी संत्रं कागदात गुंडाळून बाजूला ठेवलं. "माणूस हरवलेला कळला की आमचा टाइम सुरू. बसा."

मी वही पुढे केली. दोन पानं, सतरा मुद्दे. जमादारांनी चष्मा डोळ्यांवर आणला आणि अगदी सावकाश, एकही ओळ न गाळता ती वाचली. मला बरं वाटलं. कुणीतरी माझी यादी नीट वाचत होतं. वाचून झाल्यावर वही मिटून त्यांनी माझ्याकडे सरकवली.

"मॅडम, यादी लई झकास हाय. पण ही तुमच्याबद्दल हाय. तुम्ही कुठं गेलात, कुणाला विचारलंत. आप्पांबद्दल हितं दोनच ओळी हायत."

त्यांनी स्वतःचं रजिस्टर ओढलं आणि प्रश्न सुरू केले. उंची? "मध्यम." "मध्यम म्हंजी? तुमच्या खांद्याला लागतात की कानाला?" रंग? बांधा? केस? चालताना कोणता पाय ओढतात? ऐकायला येतं का, कोणत्या कानानं? हाक मारल्यावर वळतात का, की नुसतं 'हां' म्हणतात? चपला कसल्या? माझा नवरा मुलगा होता, मी सून होते, दोघं एकमेकांकडे बघत होतो. उजवा पाय की डावा? मी म्हणाले डावा, हे म्हणाले उजवा. जमादार थांबले. "दोन्ही लिहू का?" त्यांनी विचारलं, आणि ते चेष्टा करत नव्हते.

फोटो मागितला. यांनी मोबाइलमधून काढून दिला, नणंदेच्या मुलीच्या लग्नातला. फेटा, उपरणं, कपाळभर भस्म, चेहऱ्यावर फोटोग्राफरनं आणलेला उजेड. जमादारांनी तो दूर धरून पाहिला.

"असे कधी दिसतात?"

"लग्नात."

"आज लग्नाला गेलेत का?"

माझ्याकडे घरातल्या प्रत्येकाच्या प्रत्येक कागदाच्या दोन-दोन झेरॉक्स आहेत. आप्पांचा गेल्या वर्षभरातला एक फोटो नव्हता. शेवटी माझ्या मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोत, केकच्या मागे, खुर्चीत टोपी घालून बसलेले आप्पा सापडले. जमादारांनी तोच घेतला.

"अंगावर काय काय होतं?"

"धोतर, पांढरा सदरा, टोपी."

"कपडे झाले. वस्तू?"

"घड्याळ. चष्मा."

"आणखी? अंगठी, साखळी, ताईत, कंठी?"

"अंगावर काही नाही," हे म्हणाले. मीही मान हलवली.

"घरात भांडण?"

"नाही."

"बोलाचाली?"

"नाही म्हटलं ना," मी जरा जोरात म्हणाले. त्यांनी तो प्रश्न पुढे आणखी दोनदा विचारला, वेगळ्या शब्दांत, आणि तेव्हा मला त्यांचा राग आला. आठ वाजेपर्यंत नोंद झाली होती, वायरलेसवर वर्णन गेलं होतं, आणि शेजारच्या टेबलावरचा एक शिपाई सगळ्या सरकारी दवाखान्यांना एकेक करून फोन लावत होता. प्रत्येक फोननंतर तो जमादारांकडे बघून मान हलवायचा आणि जमादार वेळ लिहायचे. फोन लागला नाही, तरी लागला नाही म्हणून वेळ लिहायचे. माझ्या यादीत न लागलेले फोन नव्हते.

मंगळवारी सकाळी सव्वासातला जमादार आमच्या दारात होते.

"आधी घर बघू," ते म्हणाले.

"घरात नाहीत ते," माझा नवरा म्हणाला. रात्रभर मोटारसायकलवर फिरून यांचे डोळे लाल झाले होते. "घरात नाहीत म्हणून तर तुमच्याकडं आलो."

"हाव. तरी बघू. हरवलेला माणूस आधी घरातच शोधायचा असतो."

त्यांनी खरोखरच सगळं घर पाहिलं. गच्ची, पाण्याची टाकी, झाकण उघडून. जिन्याखालची अडगळ. पलंगाखाली वाकून. मी मागे मागे चालत होते, आणि शेजारीण तिच्या खिडकीतून पाहत होती. आम्ही म्हाताऱ्याला टाकीत टाकलं असं वाटतंय का याला, असं माझ्या मनात आलं. नंतर कधीतरी मी त्यांना हे बोलून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, टाकीत सापडलेले हायत माझ्याकडं दोन. स्वतः पडलेले."

शेवटी आप्पांची खोली. खाट, धोतराची घडी, कोपऱ्यात पाट. पाटाशेजारी तांब्या, छोटं ताम्हण, भस्माची पितळी डबी. जमादार त्या पाटापुढे उकिडवे बसले. हात कुठं लावला नाही. नुसते बघत राहिले.

"हे पूजेचं सगळं हाय. देव कुठंय?"

"तो त्यांच्या गळ्यात असतो," हे सहज म्हणाले.

जमादारांनी मान वर केली.

आम्ही लिंगायत. आमच्या घरात गळ्यात इष्टलिंग असतं, पूजा त्याचीच. चांदीच्या छोट्या डबीत, दोऱ्यात बांधलेलं, सदऱ्याच्या आत छातीशी. ते काढून ठेवायचं नसतं. यांच्या गळ्यात आहे, माझ्या गळ्यात आहे. काल ठाण्यात जमादार ताईत, कंठी, साखळी म्हणून बोटांवर मोजत विचारत होते, तेव्हाही ते आमच्या दोघांच्या छातीशी होतं. पण ते वस्तू म्हणून कधी मोजलंच नव्हतं. कुणी विचारलं अंगावर काय आहे, तर आपण आपला हात सांगतो का, मान सांगतो का? तसं ते आमच्याकडून राहून गेलं.

"काल अंगावर काही न्हाई म्हणालात," जमादार म्हणाले. आवाजात राग नव्हता. खिशातून डायरी काढून त्यांनी लिहायला घेतलं. "पूजा रोज?"

"रोज, सकाळी आणि संध्याकाळी. आंघोळ, मग पूजा, मग तोंडात काही."

"पूजा झाली न्हाई तर?"

"तर खात नाहीत. पाणीसुद्धा नाही," हे म्हणाले. "माझ्या सासुरवाडीला एकदा नळाला पाणी नव्हतं तर दुपारी तीनपर्यंत उपाशी बसले होते."

जमादारांचं पेन थांबलं. "तब्येत कशी हाय? औषधं?"

तेव्हा मला गोळ्यांची डबी आठवली.

आप्पांना साखर आहे. गोळी सकाळी खाण्याआधी अर्धा तास घ्यायची, आणि घेतली की खायलाच पाहिजे, डॉक्टरांनी हे मला तीन वेळा सांगितलं होतं. नाहीतर साखर एकदम उतरते, घाम फुटतो, माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून मी प्लॅस्टिकची डबी आणली होती, सात वारांचे सात खण, प्रत्येक खणावर मी स्केचपेननं वार लिहिलेला. आप्पांकडून रोज पाठ करून घ्यायचे. "आप्पा, आठ वाजले की?" "गोळी." ते बाकी सगळं विसरतील, डबी विसरणार नाहीत, असं मी शाळेत सगळ्यांना सांगितलेलं होतं. डबी ते सदऱ्याच्या खिशातच ठेवायचे.

मी खाटेवर पाहिलं, उशीखाली पाहिलं. डबी नव्हती.

"किती वाजले?" मी विचारलं.

"साडेसात."

अर्ध्या तासानं आप्पा, असतील तिथं, मंगळवारचा खण उघडणार होते. गोळी पाण्याशिवाय चघळून गिळायची त्यांची सवय होती. गोळी हे औषध, ते त्यांच्या हिशेबात खाणं नव्हतं. आणि मग आंघोळ नाही, पूजा नाही, म्हणून ते कुणी दिलेला घाससुद्धा तोंडात घालणार नव्हते. माझी शिस्त आणि त्यांची शिस्त, दोन्ही पक्क्या होत्या.

मी हे जमादारांना सांगितलं, बहुतेक दोनदा. त्यांनी ऐकून घेतलं. पण ते उठले नाहीत. रुमालानं भस्माची डबी धरून त्यांनी तिचं झाकण उघडलं. डबी रिकामी होती, पुसून घेतल्यासारखी.

"हे कुठून आणतात?"

"गावच्या मठातून," मी म्हणाले. "इथलं दुकानातलं त्यांना चालत नाही. संपलंय म्हणून सांगत होते."

"कधी सांगत होते?"

फ्रिजवर यादी होती. मी जाऊन पाहिली. किराण्याच्या खाली, वेगळी ओळ करून मीच लिहिलेलं: 'आप्पांचं भस्म, गावाकडे जमेल तेव्हा.' तारीख पंधरा दिवसांपूर्वीची होती.

जमादारांनी ती ओळ वाचली आणि त्यावर काहीच बोलले नाहीत. याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

"मग ते चाकूरला निघाले," ते म्हणाले.

"पण पैसे नाहीत त्यांच्याकडे."

"ऐंशी वर्षांच्या माणसाला एसटीला पैसे कशाला लागतेत? आधार कार्ड कुठंय त्यांचं?"

देव्हाऱ्यातल्या पाकिटात आधार कार्ड नव्हतं. त्याच्या दोन झेरॉक्स होत्या.

पंचाहत्तरच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. शाळेतल्या निवृत्त शिपायाला ते मीच समजावून सांगितलं होतं. पण आपल्या घरातला माणूस आपल्याला न विचारता बसमध्ये बसेल हे डोक्यात आलं नाही.

जमादार बोलत बोलतच गाडीकडे निघाले. "चाकूरला उतरले असते तर गावात कुणीतरी बघितलं असतं. तुम्ही गावात फोन केला व्हता?"

"काल सहालाच. चौथा मुद्दा."

"मग उतरले न्हाईत. संध्याकाळची नांदेड गाडी. डोळा लागला असणार. पुढं अहमदपूर, लोहा, नांदेड. तीन स्टँड." मोबाइल कानाला लावून ते गाडीत बसले आणि आम्हाला मागे यायला खुणावलं.

ठाण्यात त्यांनी दुसरा संदेश लिहिला. मी समोर बसून पाहत होते. पहिल्या संदेशातलं धोतर, सदरा, टोपी तसंच राहिलं, पण त्यांनी त्याच्या वर तीन नव्या ओळी घातल्या. गळ्यात सदऱ्याच्या आत चांदीच्या डबीत लिंग. खायला दिल्यास नकार देतील. साखरेची गोळी घेतलेली असण्याची शक्यता, म्हणून तातडीचे. मग क्षणभर विचार करून चौथी: आंघोळीस पाणी व भस्म दिल्यास जेवतील. वायरलेसवरच्या शिपायानं ती शेवटची ओळ वाचून विचारलं, "साहेब, हे पण द्यायचं?"

"हेच द्यायचं. बाकीचं राहिलं तरी चालेल."

तो हसला, मग माझ्याकडे पाहून वायरलेसवर बोलायला लागला.

नऊ वाजले. साडेनऊ. अहमदपूर स्टँडवर कुणी नव्हतं. नांदेडच्या मोठ्या स्टँडवर दोन जण फलाटन् फलाट बघत आहेत असं कळलं. जमादारांनी दोन्ही वेळा लिहिल्या. मी घड्याळाकडे बघून हिशोब करत होते, आठला गोळी, आता दीड तास. यांनी जवळच्या नळावर तोंड धुतलं आणि परत येऊन खुर्चीत बसले, तर खुर्चीचा एक पाय आखूड निघाला. त्या खुर्चीवर ते उरलेला वेळ तोल सांभाळत बसले होते, उठून दुसरी घ्यायचं सुचलं नाही.

पावणेदहाला लोह्याहून फोन आला. तिथली एक महिला पोलीस रोज सकाळी कॉलेजच्या मुलींसाठी स्टँडवर असते. जमादारांनी मोबाइल टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला.

"जमादारसाहेब, सापडले बघा. कँटीनवाला मला सकाळीच म्हणला व्हता, एक आजोबा रात्रीपास्नं बाकावर हायत, चहा दिला तर घेईनात. मी म्हणलं कुणाची तरी वाट बघत असतील. धोतर-टोपीतले आजोबा हितं दिवसाला पन्नास येतेत, कालच्या वर्णनावरनं काय कळतंय? आता तुमचं हे लिंगाचं आणि न खाण्याचं आलं, तशी पळत गेले. गळ्यात हाय."

"तब्येत?"

"घाम आलाय. हात थरथर करून राहिलेत. साखरेचं पाणी धरलं तर तोंड फिरवतात. एकशे आठला फोन केलाय, गाडी येऊन राहिलीय. ठाणं स्टँडच्या जवळच हाय, आत आणून बसवलंय."

"आंघोळीला पाणी?"

"कँटीनवाल्यानं गरम बादली दिली. भस्म देवळातून आणलंय पुडीत. पण साहेब, आधीच सांगते, आजोबांचे डोळे मिटायला लागले तर पूजाबिजा बघणार न्हाई मी. उचलणार आणि गाडीत घालणार."

"बरोबर," जमादार म्हणाले. मग मोबाइल माझ्याकडे सरकवला. "बोला त्यांच्याशी."

"आप्पा, मी बोलतेय."

"कोण?"

"सून."

"हां."

"आप्पा, गोळी घेतली का?"

"घेतली की!" आवाज बारीक होता, पण त्यात शाबासकीची अपेक्षा होती. "आठ वाजता. मंगळवारचा खण."

यांनी मोबाइल ओढून घेतला. "आप्पा, ती ताई देतीय ते साखरेचं पाणी घ्या आधी. आजच्या दिवस चालतंय."

"चालत न्हाई," आप्पा म्हणाले. "तुला किती वेळा सांगायचं?"

मग ती महिला पोलीस म्हणाली, आम्हाला नाही, आप्पांना, "चालत न्हाई ना? मग उठा आजोबा. पाणी गार व्हायलंय. माझा हात धरा. सदरा मीच काढते, लाजू नका, माझा आजा बी असाच हाय."

मोबाइल तिकडे तसाच राहिला, बहुतेक टेबलावर. इकडे आम्ही तिघं जमादारांच्या मोबाइलकडे बघत बसलो. फरशीवर बादली ओढल्याचा आवाज. तांब्याचा. पाणी पडल्याचा, थांबल्याचा, पुन्हा पडल्याचा. "हळू आजोबा." मग कुणीतरी कोरडा टॉवेल मागितला. मग बराच वेळ काही नाही. माझ्या हातात पेन होतं आणि मी काहीही लिहीत नव्हते. मग आप्पांचं पुटपुटणं आलं, रोज सकाळी मी डबा भरत असताना भिंतीपलीकडून येतं तेच, तीच चाल, तेवढंच लांब. रोज मला वाटायचं किती वेळ लावतात. त्या दिवशी मी घड्याळ पाहिलं. चार मिनिटं लागतात.

आणि मग ताटाचा आवाज.

"साखरपाणी घेतलं," ती म्हणाली. "अर्धा ग्लास. आता उपमा खाऊन राहिलेत. एकशे आठवाले आलेत, साखर बघतेत."

जमादारांनी वेळ लिहिली. सव्वादहा. लिहून झाल्यावर रजिस्टर न मिटता त्यांनी शिपायाला चार चहा आणायला पाठवलं, आणि खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत उभे राहिले.

साडेबाराला आम्ही कारनं लोह्याला पोचलो. डॉक्टरांनी तपासून आप्पांना तिथंच बसायला सांगितलं होतं. ते ठाण्याच्या आवारात लिंबाच्या सावलीला खुर्चीत होते, कपाळावर भस्माचे ठळक पट्टे, अंगात कुणाचा तरी धुतलेला बनियन. मी पुढे झाले, तर ती महिला पोलीस मध्ये आली. पंचविशीची असेल, ठेंगणी, आवाजापेक्षा वयानं लहान.

"थांबा जरा. आजोबा, ही कोण?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "ही? गोळ्या देती ती."

"आणि हे?"

"माझा पोरगा हाय. खत विकतो."

"बरं. आता तुम्ही दोघं बाहेर थांबा. मला आजोबांचा जबाब घ्यायचाय, एकट्यांचा."

"आम्ही घरचे आहोत," मी म्हणाले.

"म्हणूनच," ती म्हणाली.

आम्ही फाटकाशी वीस मिनिटं उभे राहिलो. घरात त्रास आहे का, कुणी मारतं का, परत जायचं आहे का, हे ती त्यांना विचारणार होती, आणि ते योग्य होतं. हे मला उभ्या उभ्या कळलं, आणि कळलं तरी कान लाल झाले ते झालेच. काल जमादारांनी भांडणाचा प्रश्न तीनदा का विचारला, तेही मला तिथंच उमगलं.

मग तिनं बोलावून जबाब वाचून दाखवला. सरकारी भाषेत होता, पण मधली दोन वाक्यं तिनं आप्पांच्या तोंडची जशीच्या तशी ठेवली होती. 'घरी त्रास नाही. भस्म संपले हे तीन वेळा सांगितले, लिहून घेतात पण आणत नाहीत, म्हणून मीच निघालो.' खाली आप्पांची सही होती, तिरकी, पूर्ण नावाची.

मी ते दोनदा वाचलं. खोडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मग तिनं वस्तूंचा कागद पुढे केला. एक चष्मा. एक मनगटी घड्याळ, चालू. एक आधार कार्ड. एक शून्य रुपयांचं एसटी तिकीट, लातूर ते चाकूर. एक गोळ्यांची डबी, मंगळवारचा खण रिकामा. गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, काढून घेतलेले नाही. मी ओळीओळीवर बोट ठेवून पाहिलं आणि सही केली. शाळेत माझ्या हाताखाली असे कागद करणारं एक माणूस असतं तर, असं मला वाटलं. तिनं शेवटी भस्माची कागदी पुडी माझ्या हातात दिली. "ही यादीत न्हाई. ही माझी हाय. उरलीय, असू द्या."

सगळंच छान झालं असं मी म्हणणार नाही. आप्पांचा केकमागचा फोटो सोमवारी रात्री कुणीतरी कुठल्या कुठल्या व्हॉट्सॲप गटांत सोडला, आणि तो अजून फिरतो आहे. दोन महिन्यांनी निलंग्याहून एका गृहस्थांचा फोन आला की हे आजोबा आमच्या चौकात दिसले. आप्पा तेव्हा माझ्यासमोर बसून शेंगा सोलत होते. ते ठाण्यात सांगितलं, तर जमादार म्हणाले, "फोटो सोडायला एक मिनिट लागतं, परत बोलवायला आमच्याकडं माणूस न्हाई." ते खरं आहे आणि ते बरं नाही.

परतीच्या वाटेवर आप्पा मागच्या सीटवर झोपले. चाकूरचा फाटा आला तेव्हा यांनी गाडी सरळच ठेवली होती.

"वळवा," मी म्हणाले.

"आत्ता? दुकान कालपास्नं..."

"वळवा म्हटलं ना."

गावात मठाच्या ओट्यापाशी आप्पा खाली उतरले, मला बाहेरच ठेवलं आणि एकटे आत गेले. पंधरा मिनिटांनी बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात भस्माचे दोन मोठे गोळे होते, एकेक नारळाएवढा. "वर्षाचं झालं," ते म्हणाले. "आता कुणाला सांगायचं काम न्हाई."

घरी आल्यावर मी फ्रिजवरची ती ओळ खोडली. नवीन कागद घेतला, वर आप्पा असं लिहिलं आणि जमादारांचे प्रश्न आठवतील तसे एकाखाली एक उतरवले. डावा पाय की उजवा, हे आप्पांना अंगणात चालायला लावून पाहिलं. दोघांचंही चुकलं होतं. ते पाय ओढतच नाहीत, चप्पल मोठी आहे. कपाटातल्या औषधांच्या यादीत गोळीच्या वेळेपुढे मी आठ वाजता खोडून 'पूजेनंतर' असं लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून ते पक्कं केलं.

मंगळवारी संध्याकाळी साडेसातला जमादारांचा फोन आला.

"मॅडम, संध्याकाळची पूजा झाली?"

"झाली."

"गोळी?"

"ती सकाळची. उद्यापासून पूजेनंतर."

"जेवले?"

मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. आप्पा पाटावर बसून ज्वारीची भाकरी वरणात कुस्करत होते, आणि माझ्या मुलीला सांगत होते की लोह्याचा उपमा चांगला होता, पण मीठ कमी.

"जेवतायत," मी म्हणाले.

"जेवून होऊ द्या," जमादार म्हणाले. "मी थांबतो. मग लिहितो."

त्यांनी फोन ठेवला नाही. मीही ठेवला नाही. आप्पांनी ताट पुसून घेतलं, हात धुतले, आणि मी म्हणाले, "जेवले."